लेझरचा ठिपका आणि जीएसटीचा थर: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

सोमवार, १० जून २०२४

स्पटरिंग चेंबर, म्हणजे निर्वातात पातळ थर बसवण्याचं यंत्र, तीन आठवड्यांनी पुन्हा चालू झालं. टर्बो पंपाचा तो बारीक सूर ऐकून बरं वाटलं. पहिली बॅच: काचेच्या स्लाइडवर जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा थर, प्रमाण २:२:५. लॅबमध्ये आम्ही याला जीएसटी म्हणतो, इथेही तेच लिहीन. आर्गॉन वायू, आरएफ (उच्च वारंवारतेची वीज) ३० वॅट, हवी असलेली जाडी ८० नॅनोमीटर. जाडी मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरवर ७८ ते ८३ भरली. चालेल.

थर गडद राखाडी आहे, वापरून मंदावलेल्या स्टीलच्या डब्यासारखा. हा अस्फटिकी थर. अणू जिथे येऊन पडले तिथेच थिजले, त्यांना रांग लावायला सवड मिळाली नाही. पुरेशी ऊब मिळाली की ते रांगेत येतात, थर स्फटिकी होतो आणि चकाकतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क याच फरकावर चालल्या: पार्श्वभूमी चकचकीत, त्यावर मंद ठिपके, आणि ठिपक्यांमध्ये माहिती.

सरांनी प्रश्न एका वाक्यात दिलाय: लेझरची एक पल्स (क्षणभराचा झोत) पडल्यावर थर स्फटिकी व्हायला कमीत कमी किती वेळ लागतो, आणि त्या वेळात तो किती तापलेला असतो? पहिला अर्धा प्रश्न मोजून सुटतो. दुसरा हिशोबानेच सोडवावा लागणार, कारण दीड मायक्रोमीटरच्या ठिपक्यात थर्मामीटर घालायला जागा नाही. मला ओढ आहे ती या दुसऱ्या अर्ध्याची.

गुरुवार, १३ जून

लेझरच्या आधी साधी हॉट प्लेट. थराच्या दोन टोकांना चांदीची पेस्ट लावून तारा जोडल्या आणि मिनिटाला १० अंशांनी तापवत नेलं. १४० अंश सेल्सिअसपर्यंत थराचा विद्युत रोध सावकाश उतरत होता. १५० ओलांडलं आणि तो कोसळलाच. चार-पाच अंशांच्या आत हजार पटींहून जास्त घट. तेवढ्यात थराचा रंगही पालटला. मी तारांकडे बघत होते, ज्युनिअर थराकडे. तो ओरडला, "ताई, चांदी झाली बघा!" खरंच, राखाडीची चांदी झाली होती.

अणूंची रचना बघायला एक्स-रे विवर्तन घेतलं. आधीच्या थरात नुसता पसरट उंचवटा, नंतरच्यात २९.७ आणि ४२.५ अंशांच्या कोनांजवळ स्पष्ट शिखरं. ही मिठासारखी घनाकृती रचना: एका जाळीवर टेल्युरियम, दुसऱ्यावर जर्मेनियम आणि अँटिमनी सरमिसळ बसलेले, आणि त्या दुसऱ्या जाळीतल्या दर पाच जागांपैकी एक चक्क रिकामी. एवढ्या रिकाम्या जागा असताना ही रचना टिकते कशी, याचं मला पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून नवल आहे. पण याच सैलपणामुळे बहुधा अणूंना इकडून तिकडे जायला फार अंतर तोडावं लागत नाही.

हे १५० अंश म्हणजे मिनिटांच्या हिशोबातले. पल्समध्ये आपल्याकडे नॅनोसेकंद असतील. वेळ इतका कमी म्हटल्यावर तापमान बरंच वर लागणार, तीन-चारशेच्या घरात. आणि वितळण्याचा बिंदू ६०० च्या थोडा वर. म्हणजे काम करायला पट्टी आहे, पण ती बेताची.

बुधवार, १९ जून

जुन्या बाजारात गेले होते. बुधवार असल्याने गर्दी होती, पावसाची चिन्हं बघून निम्मे लोक ताडपत्र्या बांधत होते. दोन बंद पडलेले डीव्हीडी रायटर घेतले. त्यातला लाल लेझर डायोड ६५८ नॅनोमीटरचा असतो आणि पल्समध्ये भरपूर शक्ती देतो. नवा मागवला तर महिना जाईल. वर्कशॉपच्या काकांनी तो पितळेच्या बारीक नळीत बसवून दिला आणि म्हणाले, "पोरी, हातात अर्थिंगचा पट्टा घातल्याशिवाय याला हात लावायचा नाही." पहिला डायोड आम्ही स्थिर विजेनेच घालवला होता, ते त्यांना आठवत होतं.

याच तरंगलांबीच्या प्रकाशाने ज्यावर लिहिलं जायचं, त्याच जातीच्या पदार्थावर आता आपण प्रयोग करणार. मात्सुशिता या जपानी कंपनीत नोबोरू यामाडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मेनियम टेल्युराइड आणि अँटिमनी टेल्युराइड यांच्या मधल्या मिश्रणांचा पद्धतशीर माग काढला. त्यांचा १९९१ चा लेख माझ्या टेबलावर कायम उघडा असतो. २:२:५ हे प्रमाण तिथूनच घराघरांत गेलं.

मंगळवार, २५ जून

ऑप्टिक्स जुळवण्यात पाच दिवस गेले. दोन किरण आहेत. तापवणारा: डायोडचा ६५८. बघणारा: हेलियम-निऑनचा ६३२.८, सतत चालू. दोन्ही एकाच ४०एक्स ऑब्जेक्टिव्हमधून (मायक्रोस्कोपच्या भिंगातून) थरावर पडतात. परत आलेल्या प्रकाशातून फिल्टर फक्त ६३२.८ पुढे सोडतो, तो फोटोडायोडवर जातो आणि तिथून ऑसिलोस्कोपवर. थर चकाकला की रेघ वर चढणार.

ठिपक्याचा आकार दाढीच्या ब्लेडने मोजला. ब्लेड सूक्ष्म स्क्रूने सरकवत किरण कापत न्यायचा आणि मागे किती प्रकाश उरला ते टिपत जायचं. तापवणारा ठिपका १.६ मायक्रोमीटर व्यासाचा. बघणारा मात्र ३ निघाला, म्हणजे उलटंच झालं. दाराएवढी चौकट आणि खिडकीएवढं चित्र, अशाने बदल झाला तरी पुसट दिसणार. बीम एक्सपांडर घालून तो किरण ऑब्जेक्टिव्हच्या पूर्ण तोंडावर पसरवला, तेव्हा १ मायक्रोमीटरवर आला. थरावर त्याची शक्ती ०.२ मिलिवॅट. एवढ्याशा प्रकाशाने काय होणार, असं म्हणून पुढे गेले.

सोमवार, १ जुलै

पहिली पल्स: २५ मिलिवॅट, २०० नॅनोसेकंद. रेघ वर चढली आणि क्षणात खाली कोसळली. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर थराला भोक. भोवती उचललेली कड आणि कडेबाहेर चकचकीत वर्तुळ. मधला पदार्थ उडून गेला होता.

घाईत शक्ती जास्त लावली ही चूक माझी. पण नुसती शक्ती कमी करून भागणार नाही. उघडा थर तापला की टेल्युरियम निसटतं, वरून ऑक्सिजन लागतो. डिस्कमध्ये थराच्या दोन्ही अंगांना झिंक सल्फाइड आणि सिलिकाच्या मिश्रणाचं आवरण असतं ते यासाठीच. आपल्याकडे त्याचं टार्गेट (ज्यापासून थर बसवतात ती चकती) नाही, सिलिकाचं आहे. उद्याच्या बॅचवर २० नॅनोमीटर सिलिका घालायची, तीही चेंबर न उघडता.

मंगळवार, ९ जुलै

आज दिसलं!

४ मिलिवॅट, ५०० नॅनोसेकंदांची पल्स. ऑसिलोस्कोपवर रेघ सरळ चालली. ५० नॅनोसेकंद, १००, १५०: काही नाही. मग २०० च्या अलीकडे कुठेतरी ती वळली आणि चढू लागली, आणि ४०० ला नव्या पातळीवर जाऊन बसली. पल्स संपल्यावरही खाली आली नाही. मायक्रोस्कोपखाली करड्या पटावर एक गोल चांदीचा दाणा, कड नाही, भोक नाही. मी आणि ज्युनिअर आळीपाळीने बघत बसलो.

आधीचा तो सपाट भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. थर तापतोय, पण दिसण्यासारखं अजून काही घडलेलं नाही. या अवधीत आत बीजं धरतात: काही डझन अणूंचे पुंजके जुळतात, बरेचसे मोडतात, आणि एखादा पुरेसा मोठा झाला की मग मोडत नाही, वाढतच जातो. घरी दूध विरजताना असंच होतं. रात्री झाकण उघडून पाहिलं तर नुसतं दूध, आणि पहाटे एकदम दही. फरक इतकाच की दुधात विरजण आपण घालतो, इथे थराला ते आपल्या आपण तयार करावं लागतं.

आता हिशोब. ४ मिलिवॅट २०० नॅनोसेकंद म्हणजे ०.८ नॅनोज्यूल. अस्फटिकी जीएसटी या रंगाचा सुमारे ४४ टक्के प्रकाश परत फेकतो. उरलेला वरच्या ३० नॅनोमीटरमध्येच बहुतांश शोषला जातो. म्हणजे आत गेले सुमारे ०.४५ नॅनोज्यूल. ठिपक्याखालच्या थराचा घनफळाने विचार केला आणि दर घन सेंटिमीटरला दर अंशामागे १.३ ज्यूल धरले, तर ४०० अंशांपर्यंत न्यायला लागतात फक्त ०.०८ नॅनोज्यूल. बाकीची उष्णता कुठे गेली? काचेत. पाचातले चार भाग काचेने गिळले. आपण थर तापवतोय असं म्हणतो खरं, पण बहुतेक उष्णतेने काच तापते आणि थर त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे.

सर हिशोब बघून म्हणाले, "आता काचेवर लक्ष ठेव. तुझा प्रयोग तिथे आहे."

शुक्रवार, १२ जुलै

मन खट्टू करणारा दिवस. ४ मिलिवॅट, ३०० नॅनोसेकंद, चाळीस ठिपके, सगळे त्याच स्लाइडवर. सोळा पूर्ण चकाकले, अकरा अर्धवट, तेरा कोरे. असा डेटा कुणाला दाखवायचा?

संशयितांची यादी केली. डायोडची शक्ती डळमळते का: मोजली, दोन टक्क्यांच्या आत. थर असमान आहे का: कोरे आणि चकाकलेले ठिपके शेजारीशेजारी आहेत. टेबल हलतं का: रस्त्यावरून बस गेली की फोकस जातो, हे आम्हाला माहीत आहे. हा संशय मोठा.

बुधवार, १७ जुलै

आषाढी एकादशी. डिपार्टमेंट रिकामं, रस्ता शांत, वर्कशॉपही बंद. हीच संधी म्हणून एकटीच आले. डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि दिवसभर ठिपके.

चाळीस ठिपके पुन्हा त्याच मापाने. चौतीस अर्धवट, चार पूर्ण, दोन कोरे. निकालांचं विखुरणं जवळजवळ संपलं! टेबलाचं हलणं हेच कारण, असं वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. आनंदात घरी गेले.

शुक्रवार, १९ जुलै

दोन रेघा खोडते आहे.

काल आणि आज टेबलाखाली रबराच्या नव्या चकत्या घालूनही विखुरणं परत आलं. आणि एक गोष्ट मला एकादशीलाच खटकायला हवी होती: त्या दिवशी विखुरणं कमी झालं, पण चांगले चकाकलेले ठिपकेही कमी झाले. नुसतं हलणं थांबलं असतं तर फोकस नीट राहून ठिपके जास्त चकाकायला हवे होते. निकाल मला हवा तसा आला म्हणून मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

मंगळवार, २३ जुलै

उत्तर सापडलं, आणि तेही वहीच्या समासात.

आम्ही प्रत्येक ठिपक्यापुढे फोकस कोणी लावला त्याची खूण करतो, माझी फुली आणि ज्युनिअरचा गोल. आज १२ तारखेचं पान उघडून ओळीने बघत गेले. पूर्ण चकाकलेल्या सोळांपैकी चौदांपुढे गोल. कोऱ्या तेरांपैकी बारांपुढे फुली. एकादशीला पानभर फुल्याच.

मग त्याला म्हटलं, तू नेहमीसारखा फोकस लाव, मी फक्त बघते. तो माझ्यापेक्षा कितीतरी मन लावून काम करतो. बघणारा किरण थरावर आणतो, स्क्रू पुढे, मागे, परत पुढे, ठिपका सगळ्यात बारीक दिसेपर्यंत. घड्याळ लावलं: वीस ते पंचवीस सेकंद. मी पाच सेकंदांत उरकते. तेवढा वेळ ०.२ मिलिवॅटचा तो किरण एकाच जागी पडून असतो.

"म्हणजे माझ्यामुळे बिघडत होतं का, ताई?" त्याचा चेहरा उतरला. त्याला सांगितलं, बिघडलं ते माझ्या गृहीतामुळे. तुझ्यामुळे तर सापडलं. हे मी त्याच्या समाधानासाठी म्हटलेलं नाही. तो सावकाश आणि सारख्या हाताने काम करत नसता, तर दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळून गेले असते आणि हे कधीच वेगळं दिसलं नसतं.

बुधवार, २४ जुलै

०.२ मिलिवॅट किती तापवतं? हा हिशोब जूनमध्येच करायचा होता.

शोषले जातात ०.११ मिलिवॅट. सतत पडणाऱ्या किरणाखाली काही मायक्रोसेकंदांत तापमान स्थिर होतं. काचेवरच्या गोल ठिपक्याच्या मध्यावर ही वाढ म्हणजे शोषलेली शक्ती भागिले ३.१४, त्रिज्या आणि काचेची औष्णिक वाहकता यांचा गुणाकार. त्रिज्या अर्धा मायक्रोमीटर, वाहकता मीटर-अंशामागे सुमारे १ वॅट. उत्तर ७० अंश. शिवाय थर स्वतःच उष्णतेला अडवतो. अस्फटिकी जीएसटीची वाहकता जेमतेम ०.२, म्हणजे काचेच्याही पाचव्या हिश्शाएवढी, त्यामुळे आणखी ३०-४० अंश. खोलीचे २७ धरले की बेरीज १३० च्या आसपास.

सूत्र ढोबळ आहे, दहा-पंधरा अंश इकडेतिकडे होतील. पण हॉट प्लेटवर थर बदलला तो १५० ला. म्हणजे फोकस लावताना वीस-पंचवीस सेकंद आम्ही थराला उंबरठ्यावर आणून उभं करत होतो. पूर्ण बदलायला पुरेसं नाही, बीजं धरायला सुरुवात व्हायला भरपूर. पल्स येईपर्यंत तिचं निम्मं काम झालेलं असायचं.

इवलीशी शक्ती, पण ठिपकाही इवलासा. दर चौरस सेंटिमीटरला हे १४ किलोवॅट होतात! मिलिवॅटचा आकडा पाहून फसायला झालं.

मंगळवार, ३० जुलै

सेटअप बदलला. बघणाऱ्या किरणाच्या वाटेत शटर. फोकस आता १० मायक्रोमीटर बाजूच्या जागी लावायचा, मग स्टेज सरकवायचं आणि पल्सच्या फक्त ५ मिलिसेकंद आधी शटर उघडायचं. शक्तीही ०.०५ मिलिवॅटवर आणली. रेघ जाड, गोंगाटी दिसते, पण दर मापाला वीस ठिपक्यांची सरासरी घेतली की चालतं.

आणि मग जी चूक इतके दिवस नकळत झाली, तीच मोजूनमापून केली. जुना ०.२ मिलिवॅटचा किरण आधी ठरावीक वेळ ठेवायचा, नंतर ४ मिलिवॅटची पल्स आणि रेघेचा सपाट भाग मोजायचा. आधी काहीच ठेवलं नाही तर २१० नॅनोसेकंद. ५ सेकंद ठेवला तर १८०. २० सेकंदांना ११०. ६० सेकंदांना ७०. प्रत्येक आकड्यामागे वीस ठिपके आणि विखुरणं दहा टक्क्यांच्या आत. बारा तारखेचा तो गोंधळ डोळ्यांपुढे आला आणि भरून आलं.

पण ही ऊब शिल्लक राहते की आणखी काही? ६० सेकंद ठेवलेले दहा ठिपके तसेच सोडून घरी गेले आणि चौदा तासांनी, सकाळी, त्यांच्यावर पल्स मारली. तरीही सपाट भाग ७० ते ७५. उष्णता तर मायक्रोसेकंदांत निघून गेलेली असते. थरात उरली ती रचना. मायक्रोस्कोपखाली हे ठिपके आजूबाजूच्या करड्यापासून जराही वेगळे दिसत नाहीत. पल्स मारली की मात्र कळतं.

गुरुवार, १ ऑगस्ट

सरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं: "ऊब की प्रकाश?"

प्रश्न जुना आहे. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्कींचा विजेने अवस्था पालटण्याबद्दलचा लेख १९६८ चा. १९७१ मध्ये फाइनलाइब, डिन्यूफव्हिल, मॉस आणि ओव्हशिन्स्की यांनी टेल्युरियमबहुल थर लेझरने स्फटिकी करून परत अस्फटिकी करून दाखवले. त्या काळात असाही विचार होता की लेझर फक्त तापवत नाही, प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन बंध सैल करून स्फटिकीकरणाला हातभार लावतात. ओव्हशिन्स्की कॉलेजची पदवी नसलेला माणूस, लेथच्या कामातून पुढे आलेला. वर्कशॉपच्या काकांना हे सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

आमची तपासणी साधी. नव्या स्लाइडचा तुकडा अंधारात, हॉट प्लेटवर १३० अंशांना एक मिनिट. लेझर नाही, ट्यूबलाइटही नाही. थंड केला, मग शटरच्या नव्या पद्धतीने पल्स. सपाट भाग ८० नॅनोसेकंद. किरणाने एक मिनिट तापवलेल्याचे ७०, अंधारात तापवलेल्याचे ८०. तापमानाच्या अंदाजात जितकी खोट आहे तितकाच हा फरक. आमच्या थरापुरतं तरी बीजं धरायला ऊब पुरते. प्रकाशाचं काम ती ऊब तिथवर पोचवण्याचं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

डेस्मंड लोक (Loke) आणि सहकाऱ्यांचा ‘सायन्स’ नियतकालिकातला २०१२ चा लेख पुन्हा वाचला. तिथे त्यांनी विजेच्या मेमरी पेशीला आधी एक हलका विद्युतदाब देऊन ठेवला आणि मग ५०० पिकोसेकंदांत स्फटिकीकरण साधलं. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती हुशारीची युक्ती वाटली होती. आता वाटतं की हे थराच्या स्वभावातच आहे. आमच्या ज्युनिअरने फोकस लावता लावता तेच केलं, फक्त पेशीऐवजी काचेवरच्या ठिपक्याला आणि विजेऐवजी लाल किरणाने.

शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये एएफएमचा (पृष्ठभागाचे बारीक चढउतार मोजणाऱ्या मायक्रोस्कोपचा) तासभर मिळाला. स्फटिकी ठिपका आजूबाजूपेक्षा ५ नॅनोमीटर खोल. ८० च्या थरात सहा टक्क्यांच्या वर. अणू रांगेत बसले की घनता वाढते, थर तेवढाच बसतो. पुस्तकातला आकडा साडेसहाच्या आसपास, आपला जमला.

मंगळवार, १३ ऑगस्ट

उलटा प्रवास: स्फटिकीकडून परत अस्फटिकी. त्यासाठी थर वितळवायचा आणि अणूंना रांग लावायला वेळ मिळण्याआधी थिजवायचा. काचेवर प्रयत्न फसला. वितळलेला ठिपका थंड होता होता कडेकडून परत स्फटिकी होत आला, मध्ये जेमतेम एक मंद टिकली उरली. काच उष्णता झटकन पुढे जाऊ देत नाही. जी काच स्फटिकीकरणाला मदत करते तीच इथे आड येते.

मग सिलिकॉनच्या चकतीवर ३० नॅनोमीटरचा थर घातला. सिलिकॉनची वाहकता काचेच्या शंभरपटीहून जास्त. आधी पूर्ण थर हॉट प्लेटवर चांदी करून घेतला, मग ३५ मिलिवॅट, ३० नॅनोसेकंद. रेघ खाली गेली आणि खालीच राहिली. चांदीवर काळा ठिपका, कड धारदार. डिस्कमध्ये थराच्या मागे धातूचा पत्रा का असतो ते आज डोळ्यांनी पाहिलं. तो आरसा तर आहेच, शिवाय उष्णतेचं गटारही आहे.

गुरुवार, २२ ऑगस्ट

गेला आठवडा एकाच प्रश्नावर गेला: वितळवून थिजवलेला काळा ठिपका परत चकाकवायला किती वेळ लागतो? वितळल्यावर आधीचं सगळं पुसलं जाईल, तर तो नव्या थरासारखाच वागायला हवा, असं मला वाटत होतं. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून त्याच बॅचची, सिलिकॉनवरची, कधीच न तापवलेली चकती शेजारी ठेवली आणि दोन्हींसाठी शक्ती एकच ठेवली.

न तापवलेल्या थराचा सपाट भाग सरासरी २३० नॅनोसेकंद. वितळवून थिजवलेल्या ठिपक्याचा ४०. बऱ्याच ठिपक्यांत तर सपाट भाग दिसतच नाही, रेघ थेट चढते. दोन कारणं संभवतात. एक, भोवतालच्या स्फटिकी कडेवरून वाढ आत सरकते, तिला बीजाची गरजच नाही. दोन, इतक्या घाईने थिजतानाही काही पुंजके आत अडकून राहतात.

कडेचा वाटा वेगळा काढायचा तर ठिपके वेगवेगळ्या आकाराचे हवेत. वाढ कडेवरून आत येत असेल तर मोठ्या ठिपक्याला जास्त वेळ लागेल. बीजं आतच असतील तर आकाराने फरक पडणार नाही. ज्युनिअरने अकरा ओळींची मांडणी काढून ठेवलीय, ०.६ ते १.६ मायक्रोमीटर. पहिल्या चार ओळी आज झाल्या आणि त्यांत वेळ आकाराबरोबर वाढलेला नाही. पण चार ओळींवर मी यावेळी रेघा ओढणार नाही.

चकती डेसिकेटरमध्ये (ओल लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) ठेवली, सिलिका जेल बदललं. पावसाने ते आठवड्यातच गुलाबी होतंय. पाचवी ओळ उद्या सकाळी. फोकस तो लावेल, शटर मी.